हाबूच्या पेटीवरची काठी

मी एक जुनी काठी आहे. नक्षीची नव्हे, मुठीची नव्हे, म्हाताऱ्यांनी टेकत जायची तर मुळीच नव्हे. साडेसहा फूट लांबीचा, मनगटाएवढा जाड, सरळ दांडा. खालच्या टोकाजवळ मला एक चीर गेली आहे आणि ती तांब्याच्या तारेने आवळून बांधलेली आहे. मित्रांनो, तुमच्याकडे काठ्यांना नाना कामे असतील. जपानच्या दक्षिणेकडच्या आमच्या आमामी बेटावर माझ्यासारख्या काठीला एकच काम असते. संशय घेण्याचे.

हाबू हा आमच्याकडचा विषारी साप. तो माणसाच्या उंचीएवढा वाढतो. उसाच्या पाल्यात असतो, दगडी गडग्याच्या भोकात असतो, झाडाच्या ढोलीत असतो, आणि कधी कधी दारातल्या चपलांच्या शेजारीही असतो. म्हणून गावाच्या प्रत्येक वळणावर गडग्याला टेकून एक काठी उभी ठेवतात. साप दिसला की ज्याचा हात आधी पोचेल त्याने ती उचलायची. दोरी दिसली तरी आधी थांबायचे, मूळ दिसले तरी आधी थांबायचे. आमच्या गावात लहान मुलाला चालायला शिकवतात तेव्हाच हेही शिकवतात.

तोकुझोने मला डोंगरातून तोडून आणले तेव्हा तो तिशीत होता. त्या वर्षी ऊस तोडताना त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाला हाबू चावला होता. जीव वाचला, पण बोट वाळक्या शेंगेसारखे आत वळले ते वळलेच. बरा झाल्यावर त्याने पहिले काम केले ते माझे. माझी साल सोलली, गुऱ्हाळाच्या चुलाणावर मला आठ दिवस शेकले, आणि घराच्या कोपऱ्याला उभे केले.

पुढच्या वर्षांत मी अकरा हाबू मारले. लोक येता-जाता माझ्यावर थाप मारून जात. बाराव्या वेळी मात्र तो साप नव्हता, पावसात भिजलेला दोर होता. त्या फटक्याने मला ही चीर गेली. साप समजून भुई धोपटली, असे म्हणत सारे गाव हसले. तोकुझो हसला नाही. त्याने तार आणून मला बांधले आणि म्हणाला, "दोर धोपटला तर काठी फुटते. साप सोडला तर माणूस जातो." मला ते पटले. पुष्कळ वर्षे पटत राहिले.

मग दिवस बदलले. शहरातल्या सरकारी आरोग्य केंद्रात जिवंत हाबू नेऊन दिला की बक्षीस मिळू लागले. मारण्यापेक्षा पकडणे बरे, असे लोकांना वाटू लागले. तोकुझोनेही फासाची लहान काठी केली आणि घराच्या मागे एक लाकडी पेटी ठेवली. पेटीला एका बाजूने हवेसाठी जाळी होती. झाकणाची कडी मात्र एका वादळात तुटली. तेव्हा त्याने माझे एक टोक गडग्याच्या भोकात अडकवले, दुसरे झाकणावर दाबले, आणि मी पेटीचा अडसर झाले. अकरा साप मारलेल्या काठीला हे काही मानाचे काम नव्हे. धूळ बसली, मुंग्या लागल्या, कुणी थाप मारीनासे झाले.

तोकुझोची धाकटी बहीण उमेमासू त्याच अंगणातल्या मागाच्या खोपटात रेशीम विणत असे. दोघेही एकटेच. त्याची बायको वारली होती, हिने लग्न केले नव्हते. ती चिखलात रंगवलेले काळे सूत मागावर चढवी आणि धोट्याच्या तालावर भावाला टोमणे मारी.

"दादा, ती कडी कधी बसवणार?"

"उद्या."

"उद्या म्हणजे कुठल्या साली?"

यावर तो चहा आणि काळ्या गुळाचा खडा तिच्यापुढे सरकवून निघून जाई.

शोवा एकोणसाठ साली, म्हणजे तुमच्या १९८४ च्या मे महिन्यात, आमच्या गावात एक बाई राहायला आली. मिनोबे किनुए तिचे नाव. ओसाकाची, वय अडतिशीचे. आमच्या अंगणाला लागून एक घर रिकामे होते, ते तिने भाड्याने घेतले. सामान थोडेच, पण त्यात चार कॅमेरे आणि हातभर लांब भिंगाची नळी. ती सकाळी गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून डोंगरात जाई आणि दुपार कलताना अंगभर चिखल घेऊन परते. विचारले तर म्हणे, "हाबूचे फोटो काढते. त्याच्या जागेवर, त्याला न हलवता."

मित्रांनो, मला सांगा, यावर कोण विश्वास ठेवील? फोटो फुलांचा काढतात, नवरा-नवरीचा काढतात. अंगणात साप आला तर काठी शोधायची की भिंग?

गावप्रमुख हिदेमोरी एका संध्याकाळी आमच्या ओट्यावर येऊन बसला. त्याच्या मागोमाग समोरच्या घरातली कामेझुरूही आली. नाक खुपसायची एकही संधी ती सोडत नसे.

"ती सापाच्या मागावर आहे एवढं खरं," हिदेमोरी म्हणाला. "का, ते मात्र कळत नाही."

"मी डोळ्यांनी पाहिलंय," कामेझुरू म्हणाली. "तिच्याकडे काळी पिशवी आहे. दोन्ही हात कोपरापर्यंत त्या पिशवीत घालून ओसरीवर बसते. आणि पिशवी हलते."

"हलते?"

"आतून हलते."

 आमच्याकडे आतून हलणाऱ्या पिशवीत काय असते ते सगळ्यांना ठाऊक आहे.

"तोकुझोदादा," हिदेमोरी म्हणाला, "तुम्हाला डोंगर पाठ आहे. तुम्ही तिच्याबरोबर जा. एकट्या बाईला सोबत म्हणून. खरं म्हणजे नजर ठेवायला."

खोपटातून धोट्याचा आवाज थांबला. "अगं बाई," उमेमासू म्हणाली, "सदुसष्टाव्या वर्षी दादाला नोकरी लागली."

दुसऱ्या दिवसापासून तोकुझो तिच्यासोबत जाऊ लागला. बांबूची हलकी काठी घेऊन जाई. मी पेटीवरच असे. संध्याकाळी हिदेमोरी येई आणि विचारी, "काय केलं तिने?"

"पडून राहिली."

"कुठे?"

"सापाच्या समोर. पोटावर."

"आणि?"

"आणि साप निघून गेला."

"तेवढंच? तेवढंच कसं असेल?"

तोकुझोलाही तेच वाटत होते. मलाही. पंधरा दिवस असे गेले. तेवढ्यात त्याने स्वतः एक हाबू पकडून पेटीत ठेवला. अजून एक-दोन मिळाले की सगळे मिळून शहरात न्यायचे, असा त्याचा विचार होता. तो साप जाळीवर नाक घाशीत राही. लाकडातून मला ते ऐकू येई. खर्र, खर्र. थांबला की मला जास्त संशय येई.

मग तो दिवस आला. सकाळभर पाऊस पडून गेला होता आणि आभाळ खाली उतरले होते. किनुए अंगणात आली. "काका, काल सायकसच्या झाडांत आपण पाहिला ना, तो पिवळा हाबू, तो आज तिथेच असेल. पण मला दोन मीटरची जड काठी हवी. बांबू वाऱ्याने लोळतो."

तोकुझो घराच्या मागे आला. त्याने मला भोकातून ओढून काढले, इकडेतिकडे पाहिले, आणि गडग्यावरचा एक सुटा दगड उचलून झाकणावर ठेवला. प्रवाळाचा दगड होता तो. दिसायला मोठा, आतून पोकळ. ठेवताना डुगडुगला. माझ्या मनात पाल चुकचुकली. पण काठीला तोंड नसते.

खोपटावरून जाताना उमेमासूने मान वर केली. "दादा, काठी खांद्यावर? फोटोत उभा राहणार की काय? केस तरी विंचर."

"तू विण," तो म्हणाला.

सायकसच्या बुटक्या, ताडासारख्या झाडांची ती राई गावापासून अर्ध्या तासावर होती. वाळलेल्या झावळ्यांच्या ढिगात तो हाबू वेटोळे करून बसला होता. पिवळाधमक, अंगावर काळी जाळी. तोकुझोने बोटाने दाखवला तेव्हाच मला दिसला; तोवर ती झावळीच वाटत होती.

किनुएने मला हातात घेतले आणि सापाच्या समोर, बेताच्या अंतरावर, जमिनीवर आडवे ठेवले. "काका, ही काठी म्हणजे हद्द. माझा हात हिच्या पलीकडे गेला तर माझे पाय धरून मागे ओढा. पण साप अलीकडे आला तरी त्याला हाणू नका."

"आणि तुम्हाला चावला तर?"

"तर मला उचला. त्याला हाणू नका."

ती पोटावर पडली आणि कोपरांवर सरकत माझ्यापर्यंत आली. मी मनाशी म्हटले, आता ही काडीने त्याला डिवचील. तो चवताळून तोंड उघडील, मग ही फोटो काढील. माणसे अशीच असतात. पण तिने काही केले नाही. भिंग डोळ्याला लावले आणि वाट पाहत राहिली.

सापाने डोके उचलले. मान मागे घेऊन तिचा आकडा केला. शेपटीचे टोक वाळल्या झावळीवर थरथरू लागले. मी हा आवाज अकरा वेळा ऐकला होता आणि दर वेळी त्यानंतर मी खाली आले होते. या वेळी मी जमिनीवर पडून होते आणि मला उचलायला कुणाचा हात नव्हता. तोकुझो मागे उभा होता. बांबू त्याच्या मुठीत होता.

"हाणू का?" तो कुजबुजला.

"नको."

कॅमेऱ्याची कळ एकदा वाजली. बऱ्याच वेळाने पुन्हा वाजली. मग सापाची मान हळूहळू खाली आली. शेपटी थांबली. तो वेटोळ्यातून सुटला आणि सरळ माझ्याकडे निघाला. मित्रांनो, तो माझ्यावरून गेला. त्याच्या पोटाचे एक एक खवले माझ्या साल सोललेल्या अंगावरून सरकत गेले, चिरेवरच्या तारेला अडखळले, तेवढ्यात कळ पुन्हा वाजली, आणि ते पुढे गेले. तो थंड नव्हता. रानातल्या मातीइतकाच कोमट होता. न मारलेला साप मी त्या दिवशी पहिल्यांदा ओळखला.

तो झुडपात दिसेनासा झाला तेव्हा किनुए उठून बसली. पाण्याची बाटली तोंडाला लावली, पण अर्धे पाणी गळ्यावर सांडले.

"भीती वाटते तुम्हाला?" तोकुझोने विचारले.

"रोज."

"मग कशाला करता हे?"

"भीती वाटते म्हणूनच नीट बघते, काका. न बघता भ्यायला लागलं की भलतंच दिसतं."

 मग ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "हिदेमोरींना आज काय सांगणार?"

तोकुझो दचकला. "तुम्हाला ठाऊक आहे?"

"पहिल्या दिवसापासून. मीही तुमच्यावर नजर ठेवून होते. मी पुढे गेले की तुम्ही मागे येऊन साप मारता की काय, असं वाटायचं."

त्यावर तोकुझो हसला. बायको गेल्यापासून मी त्याला हसताना पाहिले नव्हते. मला वाटले, संशय फिटला. आता घरी जाऊ, मी पेटीवर बसेन आणि दिवस पुन्हा सरळ चालू लागतील.

आम्ही गावाच्या तोंडाशी आलो तेव्हा लोक धावत होते. उमेमासूने खोपटात सुताच्या टोपलीत हात घातला होता आणि टोपलीत हाबू होता. उजव्या हाताला, मनगटाच्या वर, तो चावला होता. हिदेमोरीने कोपऱ्यावरची काठी उचलून साप मारला आणि तिला छोट्या ट्रकमध्ये घालून सापाच्या विषावरचे औषध टोचायला शहराकडे पाठवले. तोकुझोला ती दिसलीसुद्धा नाही. ट्रक वळणावर गेला होता.

तो मला घेऊन तसाच घराच्या मागे आला. दगड खाली पडला होता. झाकण चार बोटे सरकले होते. पेटीत नुसते वाळले गवत होते.

 मग त्याने झाकण सरळ केले, दगड होता तिथे गडग्यावर ठेवला, आणि माझे एक टोक भोकात घालून दुसरे झाकणावर दाबले. नेहमीपेक्षा जोराने दाबले. रिकाम्या पेटीवर मी पहारा देऊ लागले. त्याला काय झाले हे ठाऊक होते, आणि मला. तिसरे कुणी पाहिले नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गावची बैठक आमच्याच अंगणात बसली. मेलेला हाबू हिदेमोरीने वाशाला टांगला होता. शहरातून निरोप आला होता की उमेमासूचा जीव वाचेल, पण हात खांद्यापर्यंत काळानिळा सुजला आहे. ते ऐकून लोकांची भीती उतरली आणि राग चढला.

"साप आपणहून टोपलीत जात नाही," कामेझुरू म्हणाली. "कुणीतरी आणला. शेजारी सापवाली बाई राहते, मग दुसरं कोण आणणार?"

किनुए अंगणाच्या कडेला उभी होती. तिने काळी पिशवी सगळ्यांसमोर उलटी करून दाखवली. "हिच्यात उजेड जात नाही. फिल्म कॅमेऱ्यात अडकली की मी हिच्यात हात घालून सोडवते. उजेड लागला तर फोटो जळतात."

"पिशवी आता रिकामी आहे," हिदेमोरी म्हणाला, "तेव्हा नव्हती."

"तेव्हाही होती. सिद्ध कसं करू?"

 ती वाशाखाली गेली आणि टांगलेल्या सापाचे डोके बोटावर घेऊन निरखू लागली. बायका मागे सरकल्या. "याचं नाक सोललंय," ती म्हणाली. "रानातल्या सापाचं असं होत नाही. हा बरेच दिवस कुठेतरी जाळीवर नाक घाशीत होता. हा पेटीत ठेवलेला साप आहे."

"म्हणजे पेटीत ठेवला होता हे तूच कबूल करतेस," कामेझुरू म्हणाली.

"माझ्याकडे पेटी नाही."

"घर उघडून दाखव."

"चला, दाखवते."

पाच-सहा जण तिच्या घरात जाऊन आले. पेटी मिळाली नाही. पण संशयाचे असे असते, की वस्तू सापडली तर ती चोर, आणि नाही सापडली तर ती हुशार चोर.

तेवढ्यात हिदेमोरीने रीत म्हणून विचारले. गावात हाबूच्या पेट्या पाच घरी होत्या. चौघांनी आपापल्या पेट्या बंद असल्याचे सांगितले. मग तो तोकुझोकडे वळला. "दादा, तुमची?"

घराच्या मागून मी ऐकत होते. 

"माझ्या पेटीवर ती मोठी काठी असते," तोकुझो म्हणाला. "रोज असते."

कामेझुरूने घराच्या कोपऱ्यावरून डोकावून पाहिले. हाबूच्या पेटीजवळ कुणी उगाच जात नाही. "आहे," ती म्हणाली. "जागच्या जागी आहे."

मित्रांनो, मी जागच्या जागी होते, हे खरेच होते. आणि त्या खऱ्या गोष्टीने एक खोटे झाकले होते. इतकी वर्षे मी दोरावर संशय घेतला, मुळावर घेतला, परक्या बाईवर घेतला. ज्या हाताने मला घडवले त्या हातावर संशय घ्यायचे मला कधी सुचले नव्हते.

ठरले असे की शनिवारच्या बसने किनुएने गाव सोडावे. तिने मान हलवली. जाताना ती घराच्या कोपऱ्यावर थबकली. तिची नजर पेटीवर गेली, मग माझ्यावर, मग माझ्या तारेवर. तिथे ती बराच वेळ रेंगाळली.

शुक्रवारी सकाळी ती तोकुझोकडे आली. तो पेटीपाशीच बसून होता. आताशा तो तिथेच बसे. तिने त्याच्या हातात एक फोटो ठेवला. घरातल्या कपाटात अंधार करून तिने तो स्वतः धुतला होता. मला दिसला तो. वाळल्या झावळ्या, पिवळा हाबू, आणि त्याच्या पोटाखाली मी. चिरेवरची तार इतकी स्पष्ट होती की तिचे वेढे मोजावेत.

"काका, ही काठी रोज पेटीवर असते, असं तुम्ही म्हणालात. त्या दुपारी ती कुठे होती, ते यात आहे."

तोकुझोने फोटो उजेडाकडे धरला.

"हा मी सगळ्यांना दाखवू शकले असते. काल रात्रीच धुतला, आणि हिदेमोरींचं घर दोन पावलांवर आहे. मला ते नको. मी दाखवलं तर उद्या लोक म्हणतील, हिने फोटोत काहीतरी केलं. माझ्यावर कुणाचा विश्वास नाही. तुमच्यावर आहे." ती उठली. "हा तुमचा. काय करायचं ते तुम्ही ठरवा."

"तुम्हाला माझा राग येत नाही?"

"येतो," ती म्हणाली. "खूप येतो." आणि ती गेली.

त्या दिवशी तोकुझो जेवला नाही. फोटो आत ठेवी, पुन्हा बाहेर आणी. दुपारी त्याने फोटो चुलीपर्यंत नेला. मला धूर दिसत होता. मी म्हटले, आता जळला. पण तो तसाच परत घेऊन आला.

शनिवारी बसच्या थांब्यावर अर्धे गाव जमले होते. निरोप द्यायला नव्हे, ती खरेच जाते की नाही ते पाहायला. किनुएचे सामान बसमध्ये चढले. तेव्हा तोकुझो मला खांद्यावर घेऊन रस्त्याने आला. लोकांनी वाट दिली. त्यांना वाटले, म्हातारा तिला मारतो की काय.

त्याने मला हिदेमोरीच्या पुढ्यात जमिनीवर ठेवले आणि माझ्याशेजारी फोटो ठेवला. "ही काठी त्या दुपारी पेटीवर नव्हती," तो म्हणाला. "ती या बाईंबरोबर रानात होती. पेटीवर मी दगड ठेवला होता. साप माझा होता."

हिदेमोरीने फोटो उचलला. मग वाकून माझी तार पाहिली. मग पुन्हा फोटो. "दादा, हे तुम्ही बैठकीत का नाही सांगितलं?"

"कारण कुणी मला विचारलंच नव्हतं. विचारलं ते रीत म्हणून. सगळ्यांना उत्तर आधीच मिळालं होतं, आणि ते मला सोयीचं होतं."

बसच्या ड्रायव्हरने खिडकीतून विचारले, "कुणी उतरणार आहे का? की निघू?"

सगळ्यांनी किनुएकडे पाहिले. कामेझुरू जवळ जाऊन म्हणाली, "राहा की. घर तर रिकामंच आहे." माफी मागायची तिची ही रीत होती.

किनुए पायरीवर उभी होती. तिने तोकुझोला वाकून नमस्कार केला, बराच वेळ, आणि आत जाऊन बसली. बस गेली. ती परत आली नाही. तोकुझोने कुणाकडून तरी पत्र लिहून घेतले, पण उत्तर आले नाही. सगळे काही नीट झाले असे मी तुम्हाला सांगू शकत नाही.

उमेमासू तीन आठवड्यांनी घरी आली. तिच्या उजव्या हाताची दोन बोटे मिटत नव्हती. बारीक वीण तिला आता जमणार नव्हती. तोकुझोने तिला पहिल्याच दिवशी सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "ठाऊक आहे. काठी खांद्यावर टाकून जाताना मीच तर तुला पाहिलं होतं. दवाखान्यात पडल्या पडल्या कळलं."

"मग कुणाला बोलली का नाहीस?"

"बघत होते, तू बोलतोस का." ती पुढे म्हणाली, "सापाचं मला काही नाही, दादा. तो सापासारखा वागला. दगड ठेवलास, तोही विसरपणा म्हणेन. पण ती बाई अंगणात एकटी उभी होती म्हणे, आणि तू ओट्यावर होतास. ते मला अजून दुखतं."

पुढे ती जाड सूत विणू लागली. सूत भरून द्यायचे काम तोकुझो करी, वाकड्या बोटाने, हळूहळू. दोघांचे बोलणे पूर्ववत व्हायला वर्ष लागले. एक दिवस तिने पुन्हा पहिला टोमणा मारला तेव्हा तो उठून घराच्या मागे आला आणि तोंडावर पाणी मारत राहिला.

आता तोकुझो नाही. मी पुन्हा गडग्याला टेकून उभी आहे. माझ्यावर शेवाळ चढले आहे आणि तार हिरवी पडली आहे. येणारे-जाणारे मला जुना वासा समजतात. माझी काही तक्रार नाही. पण तुम्ही इतका वेळ माझे ऐकले, म्हणून दोन गोष्टी सांगते. तुमच्या घरात एखादी कडी तुटली असेल, तर ती आजच बसवा. आणि कधी कुणाकडे बोट दाखवायची वेळ आलीच, तर आधी आपल्या घराच्या मागे एक चक्कर मारून या. तिथे जे दिसेल ते सगळ्यांसमोर मोठ्याने सांगा, बस सुटण्याच्या आत.